काळं नख: ठेचेचं कुठलं, कॅन्सरचं कुठलं?

कोकणात नख काळं पडायला निमित्त शोधावं लागत नाही. जांभ्याच्या पाखाडीवर ठेच लागते, जेटीवर बर्फाचा क्रेट पायावर येतो. नखाखाली रक्त साकळतं, एक-दोन रात्री ठणकतं, मग विसरायला होतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ठाऊक नसतं ते दुसरं काळं नख. मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. ‘आपल्या सावळ्या कातडीला कसला स्किन कॅन्सर, तो गोऱ्यांचा आजार’ हे ऐकून कान किटलेत. सावळा रंग उन्हापासून बऱ्यापैकी वाचवतो हे खरं. पण तळपाय, तळहात आणि नखाखालच्या मेलानोमाचा उन्हाशी फारसा संबंधच नसतो, आणि आपल्याकडे हा आजार दुर्मीळ असला तरी झालाच तर बऱ्याचदा याच जागी सापडतो. गायक बॉब मार्ली घ्या. पायाच्या अंगठ्याचं दुखणं फुटबॉलमधल्या माराचं समजलं गेलं. १९७७ मध्ये नखाखाली मेलानोमा निघाला आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला.

रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. दोन्ही काळे किंवा तपकिरी असू शकतात. दुखण्यावरूनही नाही, कारण जुनं रक्त दुखत नाही आणि सुरुवातीचा मेलानोमाही दुखत नाही. ‘मार लागला होता’ ही आठवण तर सगळ्यात बेभरवशाची. काळं दिसलं की माणूस एखादी ठेच आठवून काढतोच, आणि आपल्याकडे ठेचांना तोटा नाही.

बघायचं ते हे, की डाग पुढे सरकतो का. साकळलेलं रक्त नखाला चिकटलेलं असतं. नख वाढेल तसं ते पुढे जातं आणि मागून, मुळाकडून, स्वच्छ नख येतं. मेलानोमात बिघाड बहुधा मुळाशीच असतो, जिथे नख तयार होतं तिथे. वर झरा असेपर्यंत वहाळाला पाणी येतच राहतं, तशी मुळापासून टोकापर्यंत रेघ येत राहते. तिच्यामागे स्वच्छ नख दिसत नाही.

मात्र आठवड्याभरात निकाल लागत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मं. म्हणून शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, महिना-दीड महिन्याने पुन्हा काढा आणि मुळापासून डागापर्यंतचं अंतर ताडून पाहा. अंतर वाढत असेल तर निवांत राहा. पायाच्या अंगठ्याचा डाग पुरता जायला वर्ष-दीड वर्ष लागतंच.

पण रेघ रुंदावत असेल, नख फाटत असेल, खालून गाठ किंवा रक्त येत असेल, तर पट्टी-फोटो करत बसू नका. काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला असेल तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठा. सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांवर वर्षानुवर्षं फिकट तपकिरी रेघा असतात, त्यांचं सहसा काही नसतं. मोठ्या वयात एकाच बोटाला नवी रेघ आली तर मात्र दाखवायचीच.

आता माझा राग. कुणी बिब्बा लावतं, कुणी चुना. मेडिकलवाला न बघताच फंगसचं मलम देतो आणि माणूस सहा-सहा महिने ते चोळत बसतो. पावसाळ्यात, मासळी साफ करणाऱ्या बायकांना तर बारमाही, नखाचं फंगस होतं, कबूल. पण त्यात नख सहसा पिवळट, जाड आणि भुसभुशीत होतं. त्याहून वाईट म्हणजे संशयित नख उपटून कचऱ्यात टाकणं. तपासायला तुकडा मुळाकडचा लागतो. ‘सुई लावली की पसरतो’ या भीतीला आधार नाही; पसरतो तो थांबून राहिल्याने.

उन्हाचं थोडक्यात: टोपी, लांब बाह्या, आणि चेहऱ्यावरची महिनाभर न भरणारी पुळी डॉक्टरला दाखवणं. अंगाला जन्मतःच रंग नसलेल्यांनी मात्र सनस्क्रीन चुकवू नये.

डॉक्टरकडे जाल तेव्हा दोन्ही तळपायही दाखवा, आणि नेलपॉलिश घरीच पुसून जा.