बाल न्याय मंडळ की बाल कल्याण समिती: मूल कुणापुढे न्यायचं?

कल्याण स्टेशनवर रात्री साडेअकराला लोहमार्ग पोलिसांना पंधरा वर्षांचा एक मुलगा सापडला असं समजा. जळगावहून पळून आलेला, तीन दिवस फलाटावर झोपलेला, आणि खिशात दुसऱ्याचा मोबाइल. सकाळी त्याला कुठे न्यायचं? काही जण म्हणतील, 'रिमांड होमला,' म्हणजे निरीक्षणगृहात. काही म्हणतील, 'सीडब्ल्यूसीला,' म्हणजे बाल कल्याण समितीकडे. मुलाचे पुढचे चार महिने या उत्तरावर ठरतात, आणि ते उत्तर बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत, पोलीस ठाण्यातल्या एका टेबलावर लिहिलं जातं. म्हणून बाल न्याय मंडळ आणि बाल कल्याण समिती या दोन्ही यंत्रणा शेजारी ठेवून पाहणं गरजेचं आहे.

दोन्हींचा कायदा एकच: बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. दोन्हीकडे 'मूल' म्हणजे १८ वर्षं पूर्ण न झालेली व्यक्ती, आणि दोन्हीकडे मुलाला २४ तासांच्या आत हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ वगळून. इतकं साम्य असल्यावर गोंधळ होणारच. त्याचं आणखी एक जुनं कारण आहे. १९८६ च्या कायद्यात चौकशी सुरू असताना गुन्ह्याचा आरोप असलेली आणि निराधार, अशी दोन्ही प्रकारची मुलं एकाच निरीक्षणगृहात ठेवता येत होती. पुढे २००० च्या कायद्याने त्यांची घरं वेगळी केली, पण लोकांच्या तोंडी 'रिमांड होम' हा एकच शब्द राहिला. आपल्याकडे बऱ्याच जिल्ह्यांत ही गृहं जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवतात, आणि एकाच आवारात 'निरीक्षणगृह व बालगृह' अशी जोडपाटी दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळणार कसा?

फरक असा. गुन्हा केल्याचा आरोप असलेलं मूल, म्हणजे कायद्याच्या भाषेत विधिसंघर्षग्रस्त बालक, बाल न्याय मंडळापुढे जातं. ज्याला घर नाही, ज्याला पालकच मारतात, जे भीक मागतं, कारखान्यात राबतं, हरवलंय, सोडून दिलंय, किंवा ज्याचं लग्न लावून देण्याचा घाट घातलाय, ते काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक. ते बाल कल्याण समितीपुढे जातं. मंडळ आरोपाची चौकशी करतं. समितीला चोरी झाली की नाही हे ठरवण्याचा अधिकारच नाही. ती मूल कुठे आणि कुणाजवळ सुरक्षित राहील एवढंच ठरवते.

रचनाही वेगळी आहे. मंडळात किमान तीन वर्षांचा अनुभव असलेले एक न्यायदंडाधिकारी असतात आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत किमान एक महिला. अंतिम आदेशाच्या वेळी प्रधान दंडाधिकाऱ्यांसह निदान दोघे हजर हवेत. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला आणि एक बालविषयक तज्ज्ञ. समितीत न्यायाधीश असायलाच हवा असं नाही, म्हणून तिला 'सल्लागार मंडळी' समजण्याची चूक पालकांपासून काही अधिकाऱ्यांपर्यंत सगळे करतात. प्रत्यक्षात तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि तिचा आदेश बंधनकारक असतो. महिन्यात किमान २० दिवस बैठक आणि अंतिम निर्णयाला किमान तीन सदस्य, असा नियम आहे. बैठक नसेल त्या दिवशी मूल एकट्या सदस्यापुढेही हजर करता येतं, मंडळाचंही तसंच. 'आज समिती नाही, सोमवारी या' हे उत्तर कायद्यात बसत नाही. देखरेखही निरनिराळ्या हातांत आहे. मंडळाकडच्या प्रलंबित प्रकरणांचा आढावा मुख्य न्यायदंडाधिकारी दर तीन महिन्यांनी घेतात, तर समितीच्या कामाचा आढावा जिल्हाधिकारी.

आता कल्याणच्या मुलाकडे परत येऊ. मोबाइलची साधी चोरी हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा, म्हणजे मुलांच्या बाबतीत 'किरकोळ'. अशा प्रकरणात एफआयआर नोंदवायचा नसतो. घोर गुन्हा (किमान सात वर्षांच्या शिक्षेचा) असेल किंवा सोबत प्रौढ आरोपी असतील तरच एफआयआर. बाकी वेळी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद घ्यायची, नमुना १ मध्ये सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल लिहायचा आणि पहिल्या सुनावणीआधी मंडळाकडे पाठवायचा. हे काम बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं. तो किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा असतो, मुलासमोर गणवेशात नसतो, आणि बेडी, दोरखंड, कोठडी यांतलं काहीही चालत नाही. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, एका रात्रीसाठीही नाही.

तो नमुना १ जवळून पाहण्यासारखा आहे. शाळा कधी आणि का सोडली, घरात कोण कोण, व्यसन आहे का, मित्र कसे, मुलावर कधी अत्याचार झालाय का, एखाद्या टोळीने किंवा मोठ्या माणसाने त्याला वापरून घेतलंय का, असे त्यात रकाने आहेत. भरलेल्या अहवालात यांतल्या निम्म्या ठिकाणी 'निरंक' किंवा 'माहिती नाही' लिहिलेलं असतं, आणि नेमकी तिथेच गाडी घसरते. 'बाप दारू पिऊन मारतो म्हणून घर सोडलं' ही एक ओळ त्या रकान्यात उतरली, तर मंडळाला पहिल्याच दिवशी कळतं की मोबाइलचा प्रश्न छोटा आहे आणि घराचा मोठा. ती ओळ नसेल तर मुलगा फक्त 'चोरीचा' म्हणून निरीक्षणगृहात बसतो, आणि जामिनासाठी ज्या बापाला बोलावलं जातं त्याच्यापासूनच तो पळालेला असतो.

अशा मुलासाठी कायद्याने दोन खोल्यांमध्ये दार ठेवलं आहे. कलम ८ नुसार मंडळ कोणत्याही टप्प्यावर, आरोपाची चौकशी चालू ठेवूनही, मुलाच्या काळजीचा प्रश्न समितीकडे सोपवू शकतं. गुन्हा केलाच नाही पण काळजीची गरज आहे असं चौकशीत दिसलं, तर कलम १७ नुसारही तसंच करता येतं. आमच्या मते सगळ्या कायद्यात सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरलं जाणारं दार हेच. परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकिलाने पहिल्याच तारखेला तसा साधा अर्ज द्यावा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष दोन्ही यंत्रणांना माणसं आणि अहवाल पुरवतो, त्यामुळे ही फाइल हलवण्याची खरी जबाबदारीही त्याच्याकडे येते.

सामाजिक तपासणी अहवालाची अदलाबदल ही नेहमीची चूक. मंडळासाठी परिविक्षा अधिकारी नमुना ६ मध्ये लिहितो, मुदत दोन आठवडे. समितीसाठीचा नमुना २२, मुदत १५ दिवस. दोन्हींत गृहभेट असतेच, पण भर वेगळा असतो. पहिल्यात मुलगा आरोपाच्या ठिकाणी कसा पोहोचला, कुणाच्या संगतीत होता आणि कुणाच्या देखरेखीखाली सोडता येईल, हे हवं असतं. दुसऱ्यात घरात कोण सांभाळेल, उत्पन्न किती, मावशी किंवा आजी तयार आहे का, शाळा किती अंतरावर आहे, हे. एकाचा मजकूर दुसऱ्यात चिकटवला की समितीला मिळतो मुलाच्या 'वागणुकीचा' अहवाल, आणि घराबद्दल दोनच ओळी. मग पुन्हा गृहभेट, पुन्हा तारीख, आणि मूल तोवर संस्थेत.

जामीन हा शब्द फक्त मंडळाच्या बाजूचा. तिथे जामीन हा नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र. नाकारायला तीनच कारणं: सुटल्यावर मूल ओळखीच्या गुन्हेगाराच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. कारण लेखी द्यावं लागतं. अटी पूर्ण करता न आल्याने मूल सात दिवस अडकून राहिलं, तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे आणायचं असतं. ही सात दिवसांची तरतूद गरीब पालकांना कुणी सांगत नाही, आणि हमीदार न मिळाल्याने मुलं आठवडेच्या आठवडे आत राहतात. गुन्हा किती गंभीर यावर जामीन ठरत नाही, हे लोकांच्या गळी उतरणं कठीण असतं. पुण्यात कल्याणीनगरच्या १९ मे २०२४ च्या अपघातानंतर ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर अल्पवयीन चालकाला जामीन दिला म्हणून मोठा संताप झाला आणि तीन दिवसांत मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते पाठवणं बेकायदेशीर ठरवून त्याला सोडायला सांगितलं. लोकांच्या मनात निरीक्षणगृह म्हणजे शिक्षा. कायद्यात ती चौकशीदरम्यान राहण्याची तात्पुरती जागा आहे.

समितीपुढे मात्र जामीन नावाची गोष्टच नाही. मुलगी बालगृहात आहे म्हणून वडील वकील घेऊन 'जामीन अर्ज' करतात, त्याचा उपयोग नाही. अर्ज करायचा तो मुलीचा ताबा मिळण्यासाठी, सोबत स्वतःचे आणि मुलीचे ओळखीचे व वयाचे कागद, आणि गृहचौकशीला सहकार्य. समिती मुलीचं मत विचारते. ती 'घरी नको' म्हणाली तर समिती थांबून कारण शोधते, आणि तसंच करायला हवं.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो सतराव्या वर्षी पळून जाणाऱ्या जोड्यांत. दोघंही अल्पवयीन, दोघं एकाच एसटीत सापडलेली. मुलगी समितीकडे जाते, मुलगा मंडळाकडे. तक्रारीत पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम ४ लागलं तर किमान शिक्षा १० वर्षं असल्याने गुन्हा 'घोर' ठरतो, आणि मुलाचं वय १६ ते १८ असल्याने खटला प्रौढासारखा बाल न्यायालयात चालवायचा का हे ठरवणारं कलम १५ चं प्राथमिक मूल्यांकन येतं: त्याची मानसिक व शारीरिक क्षमता किती, परिणाम समजत होते का, परिस्थिती काय होती. हे तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. हा खटला नव्हे, आणि मंडळातल्या कुणाकडे बालमानसशास्त्राचं शिक्षण नसेल तर मानसशास्त्रज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. 'घोर' म्हणजे ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तोच. कमाल शिक्षा मोठी पण किमान ठरलेली नसेल तर तो 'गंभीर' गुन्हा, आणि तिथे हे मूल्यांकन नाही.

अत्याचार झालेल्या मुलाबाबत उलटी चूक होते. पोक्सोत पोलिसांनी समितीला २४ तासांत कळवायचं असतं, पण प्रत्येक मुलाला समितीपुढे आणून उभं करायचं नसतं. आरोपी त्याच घरात राहत असेल, मूल पालकांविना संस्थेत असेल किंवा बेघर असेल, तरच हजर करायचं, आणि त्याला त्या घरातून हलवायचं की नाही हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं. आईजवळ सुरक्षित असलेल्या मुलीला उगाच समितीच्या बाकावर बसवणं म्हणजे तिला तेच सगळं पुन्हा सांगायला लावणं.

शेवटी मिळणारे आदेशही मिसळू नयेत. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा करायला लावू शकतं, पालकांच्या हमीवर परिविक्षेवर सोडू शकतं किंवा विशेष गृहात पाठवू शकतं. परिविक्षा आणि विशेष गृह, दोन्हींची कमाल मुदत तीन वर्षं. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढ. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण आपोआप बंद होतं. कल्याणच्या मुलाच्या वकिलाने ही तारीख वहीत लिहून ठेवावी. समितीही चार महिन्यांत अंतिम आदेश देते: घरी परत, नातेवाइकांकडे, योग्य व्यक्तीकडे, प्रतिपालक (फॉस्टर) कुटुंबात, बालगृहात, किंवा मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं. गरिबीमुळे संस्थेत आलेल्या मुलाला संस्थेतच ठेवण्याआधी केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेचं दरमहा ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व किंवा राज्याची बाल संगोपन योजना मिळते का, हे आधी पाहावं. घर टिकलं तर बालगृहातली खाट ज्याला खरंच घर नाही त्याच्यासाठी मोकळी राहते.

दोन्हींच्या आदेशावर ३० दिवसांत अपील करता येतं. माहिती मागायला येणाऱ्या शाळेला, सोसायटीला किंवा पत्रकाराला मुलाचं नाव, फोटो, गाव, शाळा यांतलं काहीही द्यायचं नाही. हे दोन्ही प्रकारच्या मुलांना लागू आहे, आणि कलम ७४ मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मंडळाकडच्या मुलाची नोंद अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करायची असते. अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या ज्या मुलाला बाल न्यायालयाने घोर गुन्ह्यात दोषी ठरवलं त्याचा. मोबाइल चोरीत सापडलेला कल्याणचा मुलगा अठराव्या वर्षी भरतीला गेला आणि पोलीस पडताळणीत जुनी दैनंदिनीची नोंद पुढे आली, तर ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. कलम २४ चा हवाला देऊन त्याने तसं लेखी द्यावं आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.