प्रतिविद्यार्थी खर्च (मुंबईतील सार्वजनिक शाळा)

प्रतिविद्यार्थी खर्च : सार्वजनिक तिजोरीतून एका मुलाच्या शालेय शिक्षणावर वर्षाकाठी होणारा खर्च. एकूण खर्चाला पटाने भागले की आकडा हाती येतो. मुंबईत मात्र या भागाकाराने फसगत होते, कारण पैसा मुलाच्या नावाने शाळेत येतच नाही. तो येतो शिक्षकांची मंजूर पदे, इमारती आणि वस्तू या रूपांत. त्यामुळे ‘सगळ्या मुलांना सारखे मिळते का’ याचे उत्तर कोणता खर्च मोजता त्यावर ठरते.

प्रश्न जुना आहे. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी हाच हिशेब मांडला होता : महसूल रयतेच्या कष्टाचा, आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी त्याच निवेदनातली. मुंबईपुरता प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यानंतर बऱ्याच उशिरा, १९२० मध्ये झाला.

बृहन्मुंबई महानगरपालिका शिक्षणाचा अर्थसंकल्प वेगळा मांडते. २०२५-२६ साठी तो सुमारे ३,९५५ कोटी रुपयांचा होता. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा त्यावर चालतात. खर्चाचा मोठा भाग पगारांचा, आणि खरी विषमता याच पोटात दडलेली असते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे पट तीसचा असो वा साठचा, शिक्षक दोनच. तीस मुलांच्या शाळेत प्रत्येक मुलामागचा पगारखर्च दुप्पट दिसतो, पण त्या मुलाला दुप्पट काही मिळते असे नव्हे. पाच इयत्ता दोन वर्गांत कोंबून बसवलेल्या असतात. पट ओसरलेल्या मराठी शाळा गिरगाव-परळकडे कागदावर ‘महाग’ ठरतात, त्या अशा. उलट गोवंडी-मानखुर्दकडच्या भरलेल्या वर्गांत प्रतिविद्यार्थी खर्च कमी भरतो. पालिकेचा हा एम-पूर्व प्रशासकीय विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात अगदी तळाला होता. जिथे गरज जास्त तिथे माणशी कमी, हे कुणी ठरवून केलेले नाही. पदे पटावर मोजली की आपोआप तसे होते.

वस्तूंचे वाटप त्या मानाने सरळ. गणवेश, दप्तर, बूट, वह्या, छत्री धरून सत्तावीस शालोपयोगी वस्तू पालिकेच्या विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, आणि माध्यम कोणतेही असो, मिळतात त्याच. समानता डोळ्यांना दिसते ती इथे. अर्थात पहिल्या पावसानंतर हाती आलेली छत्री आणि आधी आलेली छत्री हिशेबाच्या वहीत सारखीच असते.

इमारतीचे गणित वेगळे. एकच इमारत सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत वापरली जाते. सकाळची पोरे जिन्याने उतरत असताना दुपारची फाटकाशी दप्तर सांभाळत उभी असतात. एका माध्यमाची शाळा खालच्या मजल्यावर, दुसऱ्याची वरच्या, नळ आणि संडास सामाईक. अशा इमारतीच्या डागडुजीचा खर्च कोणत्या मुलाच्या नावावर टाकायचा?

पालिकेच्या सीबीएसई शाळांनी नवा प्रश्न उभा केला. २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरात अशी शाळा सुरू झाली, माटुंग्यात वूलन मिल येथे आयसीएसईची. पुढे इतरही निघाल्या. अर्ज जागांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून प्रवेश सोडतीने. एकाच पालिकेच्या पैशातून चालणाऱ्या दोन शाळांपैकी कोणती वाट्याला येणार ते चिठ्ठीवर ठरते.

प्रत्येक मुलामागे अमुक रुपये असा सरकारी आकडा पालकांच्या कानावर पडतो तो मुख्यतः शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्के मोफत जागांमुळे. त्या मुलांपोटी शाळेला सरकारचा प्रतिविद्यार्थी खर्च किंवा प्रत्यक्ष शुल्क, यांतले जे कमी ते परत मिळते. महाराष्ट्रात हा दर अनेक वर्षे १७,६७० रुपये होता, कोविडकाळात तो ८,००० वर आणला गेला. मुंबईतल्या बऱ्याच शाळांचे शुल्क याच्या कितीतरी पुढे. शिवाय रक्कम थकते ही संस्थाचालकांची तक्रार कायमचीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. मुंबईसारख्या दाट शहरात त्याने या जागा देणाऱ्या शाळांची यादीच आटली असती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तो निकाल कायम ठेवला.

अनुदानित शाळांत पगार राज्याकडून येतो. विनाअनुदानित शाळा वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदानावर येतात, आणि पुढच्या टप्प्यासाठी शिक्षक आझाद मैदानात बसतात, हे मुंबईकरांना नवे नाही.

शाळेच्या स्वतःच्या हातात पडते ती रक्कम फार लहान. समग्र शिक्षा योजनेतले संयुक्त शाळा अनुदान पटाच्या गटांनुसार ठरते : १०१ ते २५० पटाला ५०,००० रुपये, त्यापुढे हजारापर्यंत ७५,०००. तीनशे मुलांच्या शाळेत हे माणशी २५० रुपये पडतात, हजार मुलांच्या शाळेत ७५. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख हे त्यांचे कायदेशीर काम आहे. बैठकीत त्यांच्यापुढे ठेवली जाते ती याच रकमेची वही : खडू, फिनेल, नळाची दुरुस्ती. पगाराचा पैसा त्या वहीतून जातच नाही.