इंग्रजीतील परभाषी शब्द आणि मुंबई

परभाषांतून इंग्रजीत गेलेले आणि तिथे रुळलेले शब्द व शब्दसमूह. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर आलेली फ्रेंच, चर्च आणि न्यायालयांतली लॅटिन, शास्त्रांतली ग्रीक आणि समुद्रावरून आलेल्या आशियाई भाषा हे या उसनवारीचे ठळक प्रवाह. भारतीय शब्दांपुढे इंग्रजी कोशांत बहुधा 'हिंदी' एवढाच उगम दिलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावरून गेलेल्या शब्दांना ही मोघम नोंद पुरत नाही. त्यांतले कित्येक मराठी किंवा गुजराती मुलखातून निघाले आणि पोर्तुगिजांच्या, नाहीतर गोऱ्या सोजिरांच्या तोंडून इंग्रजीत शिरले. त्यांचे मूळ शोधताना वाटही पाहावी लागते, आणि ती वाट पुष्कळदा मुंबईतून जाते.

पोर्तुगीज वाट : मुंबईची बेटे १५३४ च्या वसईच्या तहाने पोर्तुगिजांकडे आली, १६६१ च्या विवाह-करारात ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली. कंपनीचे लोक आले तेव्हा किनाऱ्यावरच्या व्यापारात पोर्तुगीज बोली चालत होती. साहजिकच देशी वस्तूंची नावे इंग्रजांना आधी पोर्तुगीज वळणाने ऐकू आली. आपले मुंगूस असेच 'मंगूस' होऊन इंग्रजीत 'मोंगूस' झाले. त्याच्या शेपटाशी हंसपक्ष्याचे इंग्रजी नाव 'गूस' चिकटल्यासारखे दिसते, म्हणून अनेकवचन कसे करावे याचा घोळ इंग्रजी लिहिणाऱ्यांना अजून पडतो. त्या प्राण्याचा हंसाशी काडीचा संबंध नाही. जातीला 'कास्ट' आणि मुले सांभाळणाऱ्या बाईला 'आया' हे शब्दही पोर्तुगिजांचेच. त्यांपैकी 'आया' मराठीनेही ठेवून घेतली.

काही शब्दांचा प्रवास दुहेरी आहे. अरबी 'मौसिम' म्हणजे ठरावीक काळ, खलाशांच्या लेखी वाऱ्याचा हंगाम. हा शब्द पोर्तुगीज 'मोन्साओ' होऊन इंग्रजीत 'मॉन्सून' झाला, तर आपल्याकडे तोच 'मोसम' म्हणून नांदला. आता मुंबईची वर्तमानपत्रे जूनमध्ये 'मान्सून दाखल' असा मथळा देतात आणि खालच्या बातमीत 'मोसमी वारे' लिहितात, म्हणजे एकाच बातमीत एकच शब्द दोन वेषांत येतो. गोदामाचेही तसेच. आशियाई बंदरांत फिरलेल्या या शब्दाचे इंग्रजीने 'गोडाऊन' केले आणि माझगाव, भिवंडीच्या हमालांपर्यंत तेच परत आले.

'टँक'ची कथा जास्त गुंतागुंतीची. कोशकार त्याच्या मुळाशी गुजराती 'टांकुं' आणि मराठी 'टाके' देतात, शिवाय तलाव या अर्थाचा पोर्तुगीज 'तांके' जोडीला असतो. दोन वेगळे शब्द उच्चाराने जवळ असल्यामुळे एकमेकांत मिसळले, असे दिसते. भारतातल्या इंग्रजीत टँक म्हणजे तलाव. मुंबईत तलाव बुजला तरी नाव टिकते, गवालिया टँक हे त्याचे उदाहरण. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी चिलखती गाडी बनवली, तेव्हा गुप्तता राखण्यासाठी हे पाण्याच्या टाक्यांचे काम आहे असे भासवले. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत ती गाडी उतरली आणि तेच नाव तिला कायमचे लागले. मराठीने मात्र 'रणगाडा' हा स्वतःचा शब्द घडवला, आणि तो मूळ शब्दापेक्षा बोलका आहे.

डोंगरीचे कापड : जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजीत सतराव्या शतकापासून 'डंगरी' म्हणत. कोश मूळ शब्द 'डुंगरी' असा देतात आणि तो एका गावावरून, म्हणजे आज मुंबईचा भाग असलेल्या डोंगरीवरून, आल्याचे सांगतात. खलाशी आणि कामगार हे कापड वापरत. पुढे कापडाचे नाव कपड्याला लागले. ब्रिटनमध्ये डंगरीज म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावरून पट्टे घेतलेली विजार, अमेरिकेत बराच काळ साधी जीन्स.

बोंबील : मुंबईबाहेर सर्वाधिक गाजलेला शब्द हाच. इंग्रजी कोशांत 'बमालो' असा शब्द आहे, तो सरळ मराठी बोंबलावरून घेतलेला. पण लोकांत रूढ झाले ते 'बॉम्बे डक', म्हणजे मुंबईचे बदक. माशाला बदक का म्हणावे? यावर एक लाडकी कहाणी सांगतात : सुके बोंबील टपालगाडीने जात, डब्यांना वास लागे, म्हणून 'बॉम्बे डाक'चे 'डक' झाले. कहाणी चविष्ट असली तरी टिकत नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ची, आणि माशाचे हे नाव त्याआधीच छापलेले आढळते. मुंबई इलाख्यात नोकरी करणाऱ्या इंग्रजांनाही इतर प्रांतांतले गोरे गमतीने 'डक' म्हणत. या लोकांना सुक्या बोंबलाची फार आवड, म्हणून नाव माशावरून माणसांवर गेले की माणसांवरून माशावर, हे सांगणारे दोन्हीकडे आहेत. वेसाव्याच्या किनाऱ्यावर बांबूंना जबड्यांत जबडे अडकवून बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणींना या वादाशी कर्तव्य नाही.

जिमखाना आणि देवळाली : 'गेंदखाना' म्हणजे चेंडूचे घर. त्याच्या पहिल्या अक्षरावर ग्रीक वळणाच्या 'जिम्नॅस्टिक'ची छाप पडून 'जिमखाना' झाला, असे सर्वसाधारण मत आहे. बॉम्बे जिमखाना १८७५ चा. मरीन लाइन्सवर हिंदू, पारशी, इस्लाम असे जिमखाने रांगेने उभे राहिले आणि मुंबईकराच्या मनात हा शब्द क्रिकेटशी जुळला. ब्रिटनमध्ये मात्र जिमखाना म्हणजे मुलांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा. नाशिकजवळच्या देवळालीचे याहून विचित्र झाले. तिथल्या लष्करी छावणीत सैनिक मायदेशी नेणाऱ्या जहाजांची वाट पाहत महिनोन्महिने बसत आणि उष्म्याने, कंटाळ्याने, तापाने बेजार होत. 'डूलाली' म्हणजे डोके फिरलेला, हा अर्थ तिथून आला. त्याला जोडून म्हटला जाणारा 'टॅप' म्हणजे आपला ताप.

अशा शब्दांचा मोठा कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे 'हॉब्सन-जॉब्सन' हे नावच मोहरममधल्या 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचे गोऱ्या शिपायांनी केलेले रूप आहे.

लॅटिन व फ्रेंच शब्दसमूह : इंग्रजीने जसेच्या तसे घेतलेले शब्दसमूह मुंबईत मुख्यतः न्यायालयात ऐकू येतात. १८६२ मध्ये सुरू झालेल्या उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश), मँडॅमस (कर्तव्य बजावण्याचा आदेश), सर्शिओरारी (खालचा निर्णय रद्द करण्यासाठी काढलेला आदेश), एक्स पार्टे (एकतर्फी), इन कॅमेरा (बंद दाराआड) ही रोजची भाषा आहे. राज्यघटनेच्या मराठी पाठात हेबियस कॉर्पसला 'देहोपस्थिती', सर्शिओरारीला 'प्राकर्षण' असे प्रतिशब्द आहेत, पण बातमीदार 'सुमोटो' (न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेली) याचिका असेच लिहितो आणि वाचकाला ते कळते. खुद्द इंग्लंडने १९९९ च्या दिवाणी नियमांत 'एक्स पार्टे'सारखी लॅटिन काढून साधी इंग्रजी आणली. सर्शिओरारीलाही २००४ पासून तिथे सोपे इंग्रजी नाव आहे. उसने घेणाऱ्याने परत केले तरी त्याच्याकडून घेणाऱ्याने जपून ठेवले, असा हा प्रकार. विद्यापीठातली 'व्हायवा' आणि सरकारी कचेरीतली 'ॲडहॉक' नेमणूक याच घरची.

फ्रेंचचा मान लग्नपत्रिकेत. 'कृपया उत्तर द्यावे' या अर्थाची 'आर.एस.व्ही.पी.' ही फ्रेंच आद्याक्षरे दादर-गिरगावातल्या इंग्रजी पत्रिकांवर छापतात आणि त्यांखाली नातेवाइकांची नावे देतात. उत्तर कोणी देत नाही, आपले नाव त्या यादीत आले की नाही एवढेच काका-मामा पाहतात. 'बुफे'ही फ्रेंचच, आणि पंगतीची जागा तिने घेतल्याची तक्रार जुनी मंडळी करतात.

अलीकडील नोंदी : ही उसनवारी थांबलेली नाही. फरसाणाला ब्रिटनमध्ये 'बॉम्बे मिक्स' म्हणतात. जानेवारी २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशाच्या दहाव्या आवृत्तीत भारतीय इंग्रजीतले २६ शब्द नव्याने आले, त्यांत 'आधार', 'हरताळ', 'शादी' यांच्याबरोबर गिरणगावची 'चाळ' आहे. डबाही आहे, पण 'ब'ला जोड देऊन, 'डब्बा' या हिंदी रूपात.