साहित्यकृतींचे चित्रपट-मालिकारूप : नागपूर व विदर्भ

कथा, कादंबरी, आत्मचरित्र वा नाटक यांवरून चित्रपट, दूरचित्रपट (टेलिफिल्म) किंवा मालिका तयार करण्याची प्रक्रिया. समीक्षेत तिला माध्यमांतर म्हणतात. व्यवसायात ‘कादंबरीवर सिनेमा काढणे’ आणि ‘हक्क घेणे’ एवढ्यावर काम भागते. प्रस्तुत नोंद नागपूर व परिसरातील लेखक आणि त्यांच्या संहिता यांच्या अनुषंगाने आहे. नागपूरचा या व्यवहारातील वाटा मुख्यतः मूळ संहिता पुरवण्याचा राहिला. चित्रपट घडले ते मुंबई-पुण्यात आणि पूर्वी कोल्हापुरात. वितरणाच्या दृष्टीनेही विदर्भ मुंबई क्षेत्रात येत नाही. ‘सीपी-बेरार’ हे जुन्या प्रांताचे नाव चित्रपट वितरकांच्या बोलण्यात अजून टिकून आहे. येथील लेखकाने पटकथाही स्वतःच लिहिल्याची उदाहरणे मोजकी, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहेत.

प्रारंभ : मराठीतील पहिले माध्यमांतर कोणते, यावर एकमत नाही. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखवला गेला. तो रामराव कीर्तिकर यांच्या नाटकाचे चित्रण होता. त्यामुळे एका पक्षाच्या मते भारतीय चित्रपटाची सुरुवातच माध्यमांतराने झाली. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की चालू नाटकासमोर कॅमेरा ठेवून केलेली नोंद हे माध्यमांतर नव्हे, कारण संहितेची पुनर्रचना तेथे झालेलीच नाही. हा चित्रपट आज उपलब्ध नसल्याने वाद समकालीन जाहिराती व आठवणी यांच्या आधारेच चालतो. ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ काही अभ्यासक पहिले माध्यमांतर मानतात. परंतु त्याचा आधार एखादा ग्रंथ नसून पुराण, कीर्तन, नाटक आणि चित्रे यांतून सर्वांना ठाऊक झालेली कथा आहे. अशी कथा ‘मूळ कृती’ धरली, तर त्या काळातील जवळजवळ सर्वच चित्रपट माध्यमांतरे ठरतील आणि संज्ञेला काही अर्थच उरणार नाही.

ज्ञात लेखकाची छापील कादंबरी हा निकष लावला, तर बाबूराव पेंटर यांच्या ‘सिंहगड’ (१९२३) या मूकपटाला अग्रक्रम देणे अधिक युक्त दिसते. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. याच कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये बोलपट केला. एकाच कृतीची मूक आणि बोलती रूपे दहा वर्षांच्या अंतराने निघाल्याने हे उदाहरण तुलनेसाठी सोयीचे आहे. मूकपटात कादंबरीतील संवाद पाट्यांवर आले, म्हणजे वाचकाचे काम प्रेक्षकाकडेच राहिले. बोलपटात ते नटाकडे गेले. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून ‘कुंकू’ (१९३७) निघेपर्यंत कादंबरी ही चित्रपटाची नेहमीची सामग्री झाली होती. (दोन्ही आपट्यांची नावे उलटसुलट असल्याने जुन्या सूच्यांमध्ये त्यांची वारंवार अदलाबदल होते.)

महेश एलकुंचवार यांची नाटके : नागपूरशी संबंधित माध्यमांतरांचा विचार प्रामुख्याने एलकुंचवार (जन्म १९३९) यांच्याभोवती फिरतो. जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथील, वास्तव्य व अध्यापन नागपुरात. त्यांच्या ‘होळी’ या एकांकिकेवर केतन मेहता यांनी त्याच नावाचा हिंदी चित्रपट केला. त्याचे वर्ष काही सूच्यांत १९८४, तर काहींत १९८५ असे आढळते. वसतिगृहातील विद्यार्थ्यांचा एक दिवस, वाढत जाणारी दंडेली आणि तिचा शेवट अशी ही कथा. एकांकिकेतील अखंड काळ राखण्यासाठी मेहता यांनी कट टाळून लांबच लांब चित्रणखंड वापरले. रंगमंचावर जे आपोआप घडते, ते पडद्यावर अशा प्रकारे मुद्दाम घडवावे लागते.

‘पार्टी’ हे नाटक १९७६ चे. गोविंद निहलानी यांनी त्यावर १९८४ मध्ये चित्रपट केला. निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची आणि पटकथा एलकुंचवारांची. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या दिवाकर बर्वे या नाटककाराच्या सन्मानार्थ दमयंती राणे हिच्या घरी जमलेली मेजवानी, एवढेच कथानक. मंडळी पेय हातात घेऊन सतत बोलतात ती अमृत या कवीविषयी, जो लेखनाची प्रतिष्ठा सोडून आदिवासींमध्ये काम करायला गेला आहे. नाटकात अमृत रंगमंचावर येतच नाही. त्याची अनुपस्थिती हाच नाटकाचा कणा आहे. चित्रपटात मात्र तो शेवटी, रक्तबंबाळ अवस्थेत, क्षणभर दिसतो (नसीरुद्दीन शाह). समीक्षकांत यावरून मतभेद आहेत. काहींना हा निहलानींच्या राजकीय आग्रहाचा भाग वाटतो. पात्र दाखवल्याने प्रश्नाचे उत्तरच देऊन टाकले, असा त्यांचा आक्षेप. दुसरे मत असे, की नाटकात न दिसणारा माणूस हा संकेत प्रेक्षक सहज मान्य करतो, कारण विंगेपलीकडचे जग त्याने गृहीतच धरलेले असते; कॅमेरा कोठेही जाऊ शकतो हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तीच अनुपस्थिती लपवाछपवी वाटू शकते. पटकथा मूळ नाटककाराचीच आहे, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. या चित्रपटातील भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दमयंतीची भूमिका विजया मेहता यांची होती.

विजया मेहता यांनीच ‘वाडा चिरेबंदी’चे दिग्दर्शन प्रथम रंगमंचावर (१९८५) आणि नंतर दूरदर्शनसाठी ‘हवेली बुलंद थी’ (१९८७) या हिंदी रूपात केले. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात वडिलांच्या निधनानंतर भावंडे जमतात; अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा आहे; घरातील मुलगी रंजू सिनेमाच्या नादाने दागिने घेऊन मुंबईला पळते. या नाटकात वऱ्हाडच्या देशस्थ घराचे बोलणे आणि मुंबईहून आलेल्या कोकणस्थ सुनेचे बोलणे यांतील अंतर हेच बरेचसे नाट्य आहे. हिंदीत ते अंतर ठेवायला जागाच नव्हती. एलकुंचवारांच्या ‘सोनाटा’वर अपर्णा सेन यांनी २०१७ मध्ये इंग्रजी चित्रपट केला. एकूण पाहता त्यांच्या नाटकांचे उल्लेखनीय चित्रपट मराठीखेरीज इतर भाषांत झाले, ही गोष्ट मराठी चित्रपटसृष्टीविषयी काही सांगते.

बोलीचा प्रश्न : वऱ्हाडी, नागपुरी व झाडीबोली यांतील संहिता पडद्यावर आणताना पहिली काटछाट संवादांत होते. ‘काऊन बे, कुठी चालला?’ याचे ‘का रे, कुठं निघालास?’ झाले की अर्थ तोच राहतो, पण बोलणाऱ्याचे गाव आणि त्या ‘बे’मधली सलगी निघून जाते. मालिकांत याच्या उलट घडते. ‘मले-तुले’ आणि ‘पोट्टे’ हे शब्द पेरून पात्र विदर्भाचे असल्याची खूण पटवली जाते. बाकीचे वाक्य प्रमाण मराठीच असते आणि पात्र बहुधा विनोदी असते. कादंबरीतील निवेदनाला हा उपायही चालत नाही. ‘दोन दिवस चूल पेटली नव्हती’ हे कादंबरीत पाच शब्दांचे वाक्य. पटकथेत त्यासाठी थंड राख, उपडे भांडे आणि दाराशी बसलेले पोर अशी दृश्ये लागतात, आणि ‘दोन दिवस’ सांगायचे कसे हा प्रश्न उरतोच.

विदर्भातील शेतीजीवनाची कादंबरी पडद्यावर आल्याचे ठळक उदाहरण ‘बारोमास’ हे होय. बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यावरील चित्रपट धीरज मेश्राम यांनी हिंदीत दिग्दर्शित केला.

परतवाड्याचे दोन लेखक : अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे जन्मलेल्या गो. नी. दांडेकर (१९१६) आणि अरुण साधू (१९४१) यांच्या कादंबऱ्यांवर जब्बार पटेल यांनी लागोपाठ चित्रपट केले. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’वरील चित्रपट १९७७ चा. ठाकर समाजातील कथा त्यात बरीचशी ना. धों. महानोर यांच्या गीतांतून पुढे सरकते. साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी ‘सिंहासन’ (१९७९) ची पटकथा रचली. दोन स्वतंत्र कादंबऱ्यांचा एक चित्रपट करण्याचा हा प्रयोग मराठीत विरळाच. दोन्ही कृतींचा परिसर मात्र विदर्भाबाहेरचा, सह्याद्रीचा व मुंबईचा आहे. साधू पुढे नागपूरला भरलेल्या ८० व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (२००७) अध्यक्ष होते.

मुक्तिबोध : हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांची घरची भाषा मराठी, १९५० च्या दशकातील त्यांचा बराच काळ नागपुरात, आकाशवाणीच्या नोकरीत व ‘नया खून’ या साप्ताहिकात गेला. त्यांच्या लेखनावर मणी कौल यांनी ‘सतह से उठता आदमी’ (१९८०) हा चित्रपट केला. यात एकच कथा उचललेली नसून कथा, कविता व गद्यविचार यांचे तुकडे एकत्र गुंफले आहेत. त्यामुळे याला माध्यमांतर म्हणावे की लेखकावरील निबंध, हा प्रश्न राहतो.

हक्क व कायदा : प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ मध्ये साहित्यकृतीचे रूपांतर करण्याचा हक्क आणि तिच्यावर चित्रपट करण्याचा हक्क हे कलम १४ मध्ये वेगवेगळे नमूद आहेत, भाषांतराचा हक्क तिसरा. व्यवहारात लेखक ‘सर्व हक्क’ असे लिहून देतो आणि पुढील तंटे तेथून सुरू होतात. कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी हवे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे व क्षेत्र लिहिले नसेल तर भारत एवढेच धरले जाते. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळी तरतूद नसल्यास, तो परत लेखकाकडे जातो. निर्मात्याने कादंबरी ‘अडवून ठेवली’ अशी तक्रार लेखकमंडळींत नेहमी ऐकू येते. तिच्यावर कायद्याचा हा उतारा आहे, पण करार छापील नमुन्यावर सही करून झालेला असेल तर तो उपयोगी पडतोच असे नाही.

संरक्षणाची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे (१९९२ पूर्वी ५०). त्यामुळे १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींच्या कृती १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाल्या. ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांचा १९५३ चा आणि सुजय डहाके यांचा २०२३ चा असे दोन चित्रपट आहेत. मुक्तिबोधांचे (मृत्यू १९६४) लेखन २०२५ च्या आरंभी मुक्त झाले.

कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात स्पष्ट केले. तेथे ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक व ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांची तुलना झाली आणि निकाल चित्रपटाच्या बाजूने लागला. लेखकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा निवाडा हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या खटल्यातील (दिल्ली उच्च न्यायालय, १९८६). ‘आपका बंटी’ या कादंबरीचे हक्क दिल्यानंतरही तिचे विद्रूपीकरण थांबवण्याचा लेखकाचा विशेष अधिकार कलम ५७ खाली शिल्लक राहतो, असे तेथे मानले गेले. माध्यमाच्या गरजेपुरते बदल लेखकाने सोसावेत, कृतीचा आशय फिरवणारे बदल सोसू नयेत, अशी सीमारेषा त्यातून निघते. ती प्रत्येक खटल्यात नव्याने आखावी लागते. १९९४ च्या दुरुस्तीने लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येणे ही अट या कलमात विद्रूपीकरणालाही लागू केली गेली.

मालिका : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. विजया मेहता यांनी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर केलेला दूरचित्रपट (१९८२) उल्लेखनीय आहे, मूळ आत्मचरित्रात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळक कुटुंबाचा नागपुरातील मुक्काम विस्ताराने आला आहे. साप्ताहिक मालिका तेरा भागांच्या हिशोबाने मंजूर होत, आणि मध्यम आकाराची कादंबरी त्यात नीट बसे. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’वरील मालिका या काळातली. दैनंदिन मालिकांनी हे गणित मोडले. तेथे कादंबरी पहिल्या काही आठवड्यांतच संपते व पुढे पात्रे तेवढी मूळची उरतात.

काव्य : सुरेश भट यांची ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’ ही गझल शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरील ‘उंबरठा’ (१९८२) चित्रपटात, आणि ग्रेस यांची ‘भय इथले संपत नाही’ ही कविता ‘महाश्वेता’ या मालिकेच्या शीर्षकगीताच्या रूपात घरोघरी पोहोचली. दुसऱ्याच्या कादंबरीच्या माध्यमांतरात नागपूरच्या कवीची कविता, असा हा दुहेरी प्रकार आहे.

सिवनीचे जंगल : रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘द जंगल बुक’मधील (१८९४) मोगलीच्या कथा ज्या सिवनीच्या डोंगराळ भागात घडतात, तो तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. या कथांवर १९४२ व १९६७ मध्ये चित्रपट निघाले. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर लोकप्रिय झालेली मालिका जपानी बनावटीची होती. २०१६ च्या चित्रपटातील जंगल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत संगणकावर उभे केले आहे. नागपूरहून सिवनी रस्त्याने काही तासांवर आहे.

नामसाधर्म्य व वगळलेल्या कृती : शिवाजी लोटन पाटील यांचा ‘धग’ (२०१२) हा चित्रपट उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या वऱ्हाडी कादंबरीवर आधारित नाही, दोहोंत केवळ नाव समान आहे. नागपुरातील झोपडपट्टी फुटबॉलवरील नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) विजय बारसे यांच्या कार्यावरून सुचलेला असून त्याला साहित्यकृतीचा आधार नसल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही.