दूध उकळलं की जंतनाशक निघून जातं? नाही

जनावराला जंताचं औषध दिलं असलं तरी दूध खळखळून उकळलं की औषध जळून जातं, असं सर्रास सांगितलं जातं. उकळल्याने रोगजंतू मरतात, हे खरं. पण औषध म्हणजे रोगजंतू नव्हे. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक पाश्चरीकरणाच्या उष्णतेला दाद देत नाही, उकळत्या पाण्यातही टिकतं.

हे कळतं द्रव क्रोमॅटोग्राफीमुळे, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीमुळे. दुधातलं औषध द्रावकात ओढून घेतात आणि बारीक कणांनी ठासून भरलेल्या नळीतून दाबाने सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो. यंत्र औषध टिपतं ते प्रकाश पडल्यावर येणाऱ्या चमकेवरून; पण आयव्हरमेक्टिन स्वतः चमकत नाही, म्हणून त्यावर आधी रासायनिक प्रक्रिया करून ते चमकतं करावं लागतं. मला तर हीच सगळ्यात सुंदर पायरी वाटते. मग मिलीलिटरमागे 1-2 नॅनोग्रॅम असलं तरी आलेखावर टोक उमटतं. दूध तापवण्याआधी आणि तापवल्यावर ते टोक जवळपास तेवढंच उंच येतं.

शिवाय हे औषध स्निग्धांशात विरघळतं, त्यामुळे सायीत त्याचं प्रमाण उलट जास्त भरतं. वेष्टनावर दुधासाठी जितके दिवस थांबायला सांगितलंय, तितके थांबाच. दुभत्या जनावराला देऊ नये असं लिहिलं असेल, तर ते औषध देऊच नका.