८० दात्यांचे प्रत्येक पाते ॲल्युमिनियमसाठी नसते

लाकडासाठी घेतलेल्या मायटर सॉवर (फिरते गोल पाते वरून खाली आणून काप घेणाऱ्या यंत्रावर) ॲल्युमिनियमचे सेक्शन, म्हणजे ठरावीक आकाराच्या पट्ट्या आणि नळ्या, कापता येतील का, असे कोणी विचारले की "येतील, फक्त जास्त दात्यांचे पाते लावा" असे उत्तर हमखास मिळते. यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा अर्धवट आहे, आणि त्याच्या भरवशावर राहिल्याने पात्याचे दाते उडतात, नळ्या चेपतात आणि हातही धोक्यात येतो. लाकडाच्या सफाईदार कापासाठीचे ८० दात्यांचे पाते आणि ॲल्युमिनियमसाठीचे ८० दात्यांचे पाते शेजारीशेजारी ठेवले, तर व्यास, मधले भोक आणि ब्रेझिंगने (वितळलेल्या दुसऱ्या धातूने जोडून) बसवलेली टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाची टोके यांत नजरेत भरेल असा काहीच फरक दिसत नाही. पात्याच्या रंगावरून तर काहीही ठरवू नये.

लाकडाचे पाते सगळ्यांच्या परिचयाचे आहे: त्याचे दाते आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे तिरके घासलेले असतात आणि त्यांची टोकदार कड लाकडाचे तंतू चिरत जाते.

खरा फरक दात्याच्या पुढच्या कलात आहे. तो पाहण्यासाठी, प्लग काढलेल्या यंत्रावरचे पाते उतरवून घ्यावे आणि भोकाच्या मध्यापासून एका दात्याच्या टोकापर्यंत सरळ पट्टी धरावी. दाता फिरण्याच्या दिशेने पुढे झुकलेला असेल, म्हणजे त्याचे टोक पुढे आणि मूळ पट्टीच्या मागे राहत असेल, तर तो कोन धन आहे. टोक मागे आणि मूळ पट्टीच्या पुढे येत असेल, तर ऋण. लाकूड उभे चिरण्याच्या पात्यांत हा कोन साधारण २० अंशांपर्यंत धन असतो, तर मायटर सॉवर वापरायच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत तो बहुधा ५ ते ६ अंश ऋण असतो.

एवढ्याशा कोनाने काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांनी कापणाऱ्या दात्यापुढे काय घडते ते पाहावे. पुढे झुकलेला दाता आकड्यासारखा आत शिरतो आणि स्वतःलाच अधिक खोल ओढून घेतो. लाकडात हे चालून जाते, कारण तंतू तुटतात आणि दाता मोकळा होतो. ॲल्युमिनियम मऊ आणि चिवट आहे. त्याचा कीस सहज तुटत नाही, उलट दात्याच्या धारेला चिकटतो, आणि मग कापायला निघालेला दाता धातू ओढू लागतो. मायटर सॉचे डोके खाली आणण्याचा वेग केवळ आपल्या हातावर अवलंबून असल्यामुळे, ते एकाएकी सेक्शनमध्ये घुसते किंवा सेक्शनच उचलून मागच्या आधाराकडे फेकला जातो. ऋण कोनाचा दाता असा आत खेचला जात नाही. आपण जितका दाब देऊ तितकेच तो खरवडतो. पाते यंत्रानेच ठरावीक वेगाने पुढे सरकवणाऱ्या (यांत्रिक फीड) आणि पक्की पकड असलेल्या कारखान्यातील यंत्रांवर ॲल्युमिनियमसाठी धन कोनाची पातीही वापरली जातात, पण त्या उदाहरणाचा घरच्या यंत्राशी काही संबंध नाही.

मायटर सॉसाठी बनवलेल्या लाकडाच्या काही पात्यांतही कोन कमी किंवा ऋण असतो. तेव्हा दात्याचा माथा पाहावा. ॲल्युमिनियमच्या पात्यात एक दाता दोन्ही कोपरे छाटलेला आणि किंचित उंच, तर त्याच्या मागचा सपाट आणि किंचित बुटका असतो. पहिला मधोमध अरुंद चर पाडतो, दुसरा दोन्ही बाजूंचा उरलेला धातू काढतो, आणि भार वाटला जातो. लाकडाच्या पात्यात हाच भार एका टोकदार कोपऱ्यावर येतो आणि तो कोपरा टवका उडून जातो.

दात्यांची संख्या धातूवर नव्हे, तर जाडीवर ठरते. एका वेळी किमान दोन-तीन दाते धातूत असावेत, म्हणून पातळ भिंतीच्या नळीला २५० मिलिमीटरच्या पात्यावर ८० ते १०० दाते योग्य ठरतात; भरीव जाड सळईला मात्र कमी दाते हवेत, नाहीतर दात्यांमधल्या खाचा किसाने भरून जातात.

लाकडाचे पाते उलटे बसवून ॲल्युमिनियम कापण्याचा सल्ला मला अक्षम्य वाटतो. कार्बाइडच्या टोकाला पोलादाचा आधार फक्त मागून असतो. पाते उलटे लावले की प्रत्येक दणका ते टोक आधारापासून सोडवण्याच्या दिशेने बसतो. पोलाद कापण्याचे दातेरी पातेही येथे लावू नये: त्याची कमाल गती बहुधा लाकडाच्या यंत्राच्या गतीपेक्षा बरीच कमी असते, आणि तो आकडा पात्यावरच छापलेला असतो. पोलादासाठीचे साधे कटिंग व्हील, म्हणजे घासून कापणाऱ्या कणांची बिनदात्यांची चकतीही नको, कारण मऊ ॲल्युमिनियम त्याच्या कणांमध्ये भरून बसते, व्हील कापण्याऐवजी घासू लागते, तापते आणि फुटूही शकते.

योग्य पाते लावल्यावर उरलेले सोपे आहे. सेक्शन क्लॅम्पने पक्का आवळावा, हाताने धरू नये. दात्यांना कापण्यासाठीचे मेण लावावे, म्हणजे कीस चिकटत नाही. पाते पूर्ण वेगात आल्यावरच सावकाश खाली आणावे आणि काप पूर्ण झाल्यावर ते खाली असतानाच थांबू द्यावे, कारण फिरते पाते वर घेताना सुटा तुकडा अडकून उडतो. डोळे पूर्ण झाकणारा गॉगल हवाच. यंत्राची भुशाची पिशवी आधीच काढून ठेवावी. गरम कीस कोरड्या भुशात पडला, तर तो बराच वेळ आतल्या आत धुमसत राहू शकतो.