ब्राउनफिल्ड

कारखाना, गोदाम, गॅसनिर्मिती केंद्र, रेल्वे यार्ड किंवा पेट्रोलपंप बंद पडल्यावर ओस राहिलेली जमीन. तिच्या मातीत वा भूजलात विषारी द्रव्ये असतात किंवा असल्याचा संशय असतो. ‘ग्रीनफिल्ड’, म्हणजे कोऱ्या जमिनीवर नव्याने उभारलेले, महामार्ग आणि विमानतळ बातम्यांमुळे आपल्या ओळखीचे झाले. ब्राउनफिल्ड ही त्याची दुसरी बाजू. आधी वापरून झालेली, मग टाकून दिलेली जमीन. नुसता संशयसुद्धा तिला अनेक वर्षे पडीक ठेवायला पुरतो.

मातीत काय मुरले आहे हे तिथल्या जुन्या धंद्यावरून बरेचसे ओळखता येते. कोळशापासून गॅस काढणाऱ्या केंद्राखाली डांबर, बेंझिन आणि सायनाइडयुक्त कचरा सापडतो. चामडे कमावण्याच्या आणि धातूंना मुलामा देण्याच्या जागी क्रोमियम. वर गवत उगवते, झुडपे माजतात, आसपासची मुले खेळायला येतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि धोका नेमका तिथेच असतो.

अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरात एका रसायन कंपनीने लव्ह कॅनॉल या अर्धवट खणलेल्या कालव्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा १ डॉलरला शाळा मंडळाला देऊन टाकली. तिथे शाळा उभी राहिली, शेजारी घरे झाली. लॉइस गिब्ज या गृहिणीने शेजाऱ्यांना एकत्र करून या पुरलेल्या कचऱ्याविरुद्ध लढा दिला आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. त्यातून आलेल्या १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्याने सफाईचा भार जमिनीच्या सध्याच्या मालकावरही टाकला. हेतू योग्य होता, पण अशा जमिनीला कोणी हात लावेना. बांधकामे शहराबाहेरच्या शेतांकडे सरकली आणि जुन्या कामगार वस्त्यांच्या मधोमध ओसाड जागा तशाच राहिल्या. २००२ च्या ब्राउनफिल्ड कायद्याने आधी नीट चौकशी करून जमीन घेणाऱ्याला संरक्षण दिले, तेव्हा कोंडी फुटू लागली.

सफाईची सुरुवात जुने नकाशे, कारखान्याची कागदपत्रे आणि तिथे राबलेल्या कामगारांच्या आठवणींपासून होते. नंतर भोके पाडून माती-पाण्याचे नमुने घेतात. माती उपसून नेणे, धुणे, तापवणे, सिमेंटमध्ये घट्ट करणे, जिवाणूंकडून तेलकट द्रव्ये खाववणे, भूजल उपसून शुद्ध करणे असे अनेक उपाय आहेत. शिसे, आर्सेनिक यांसारखी मूलद्रव्ये मात्र कशानेही नष्ट होत नाहीत. ती दुसरीकडे हलवता येतात, नाहीतर चिकणमाती आणि प्लॅस्टिकच्या जाड पडद्याखाली कोंडता येतात. म्हणून ‘जमीन स्वच्छ झाली’ असे कोणी म्हटले, तर कशासाठी स्वच्छ, हे विचारायलाच हवे. वाहनतळाला चालणारी माती परसात भाजी लावायला चालत नाही.

जर्मनीच्या रूर खोऱ्यातील ड्यूसबुर्ग-नॉर्ड उद्यान या बाबतीत मुद्दाम पाहण्याजोगे आहे. मायडरिख येथील थिसेन कंपनीचा लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. तो पाडण्याची तयारी होती; स्थानिक नागरिकांच्या गटाने विरोध केला आणि भट्ट्या वाचल्या. पेटर लाट्स या भूदृश्यकाराने सगळे उपसून टाकण्याचा हट्ट धरला नाही. अतिविषारी माती खनिजाच्या जुन्या काँक्रीट कोठारांत बंदिस्त केली, काही ठिकाणी आपोआप उगवलेली झाडे राहू दिली. इतर कोठारांत आता बागा आहेत, त्यांच्या भिंतींवर गिर्यारोहक सराव करतात आणि गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे शिकतात. भट्ट्यांमधल्या चौकात ४९ जाड लोखंडी पत्रे अंथरले आहेत. ओतकामाच्या खड्ड्यांवर झाकण म्हणून ते वापरात होते. वितळलेल्या धातूने कुरतडलेला त्यांचा खडबडीतपणा तसाच ठेवला आहे.

याच परिसरातली एम्शर नदी उघडे गटार होती, त्यालाही कारण होते. कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची, त्यामुळे जमिनीखाली नळ टाकले तर ते फुटले असते. खाणकाम उत्तरेकडे सरकल्यावरच भूमिगत वाहिनी शक्य झाली. १९९२ मध्ये सुरू झालेले काम पुरे होऊन नदी सांडपाण्यातून सुटायला २०२१ उजाडले. खर्च ५ अब्ज युरोंच्या वर गेला.

मुंबईच्या गिरणगावात वाद मातीतल्या विषापेक्षा जमिनीच्या वाटपाचा झाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागा, परवडणारी घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या भागापुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. गिरणी कामगारांच्या पदरात त्यामुळे फार थोडे पडले, आणि ही हानी भरून निघालेली नाही.

प्रदूषित जागांसाठी भारतात स्वतंत्र नियम २०२५ मध्ये आले. त्याच वर्षी भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन कचरा पीथमपूरला नेऊन जाळण्यात आला. पीथमपूरच्या रहिवाशांनी त्याला कडवा विरोध केला होता. हा कचरा जमिनीवर साठवून ठेवलेला होता. कारखान्याच्या आवारात पुरलेला कचरा आणि दूषित भूजल हा प्रश्न वेगळाच आहे. भिंतीबाहेरच्या वस्त्यांमधल्या हातपंपांचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही, म्हणून तिथे नळाने स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.